तळं मिटलं

समुद्राकाठच्या मुलीनं मासे बघायला वऱ्हाडात जायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर पुष्कळ हसू झालं. भाऊ म्हणाला, "मग पुढच्या सुट्टीत हिमालयात नारळ बघायला जा." मी फारसं बोलत नाही हे घरात सर्वांच्या सोयीचं आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

जाण्याचं कारण असं झालं. आमचं गाव रत्नागिरीच्या बाजूचं, बंदराचं. बाबांचे दोन ट्रॉलर आहेत. ते घेतले त्या पहिल्या वर्षी जाळं वर आलं की डेकवर कोळंबी गुडघ्याएवढी साचायची. ती बघायला आम्ही मुलं धक्क्यावर धावत जायचो. आता जाळ्याच्या शेपटीत बोटाएवढी पिल्लंच जास्त येतात. ती वाळूवर पसरून वाळवतात आणि खताला घालतात. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना लहान होड्यांचे काही म्हातारे कोळी आमच्या ओसरीवर येऊन बसले होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ट्रॉलरवाल्यांनी एकत्र बसून माप ठरवावं: एका खेपेला अमुक पाट्या, त्याहून जास्त नाही, आणि मासळी अंड्यावर असते त्या दिवसांत जाळं खाली सोडू नये. बाबा मनानं चांगले आहेत. त्यांनी सर्वांना चहा दिला आणि विचारलं, "पण समुद्राला माप लावणार कोण?" म्हातारे चहा पिऊन गेले.

मुंबईच्या हॉस्टेलवर परत आल्यावर हे मी विमलला सांगितलं. विमल माझी खोलीतली मैत्रीण, वाशीमकडच्या एका खेड्यातली. ती केस विंचरत होती. तशीच म्हणाली, "आमच्या गावानं लावलंय माप. एवढंसं तळं आहे, समुद्र नाही, पण लावलंय. परीक्षा झाली की ये." मग फणी बाजूला ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याच आठवड्यात माझ्या लग्नाची बोलणी आहेत. तू असलीस तर बरं."

मेडशीच्या वाटेवर

अकोल्यापर्यंतच्या रेल्वेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अकोल्याहून वाशीमकडे जाणारी एसटी धरली. पातूरच्या पुढे गाडी घाट चढू लागली आणि दोन्ही बाजूंना जंगल आलं. पानं गळून गेलेली, सगळी झाडं राखी रंगाची, आणि मधूनच एखादा पळस, शेवटची फुलं धरून उभा. आमच्याकडे हिरवा रंग कधी सुट्टीवर जात नाही. इथे तो गेलेला होता, आणि तो नसताना टेकड्यांचे आकार इतके स्पष्ट दिसत होते, की एखाद्याचा झोपेतला चेहरा बघावा तसं वाटलं.

माझ्या शेजारी शिरपूरच्या जैन मंदिराला निघालेल्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी पितळी डब्यातून मला खाकरा दिला, दुसरा दिला, आणि तिसरा देताना विचारलं, "तू कुठे चाललीस, बेटा?"

"मेडशीला. तिथून आत एका गावात. तळं बघायला."

"तळ्यात काय आहे?"

खाकरा माझ्या घशात होता. "मासे," मी म्हटलं.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "बघायलाच ना?"

"बघायलाच," मी म्हटलं. त्यांनी खात्री करून घेतल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि चौथा खाकरा दिला.

मेडशीला विमल आणि तिचे वडील संपतराव बैलगाडी घेऊन आले होते. गाडीला इकडे बंडी म्हणतात. बंडीत कडब्यावर बसून आम्ही निघालो. वाटेवर मोहाची झाडं होती, खाली फुलं पडलेली. तो गोड, जरासा आंबूस वास उन्हात इतका दाट झाला होता, की बैलही त्यातून सावकाश वाट काढताहेत असं वाटावं. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा समोर आकाशाचा एक तुकडा जमिनीवर पडलेला दिसला.

"ते तळं," विमल म्हणाली.

घराच्या दारात विमलची आत्या उभी होती. विमलची आई ती लहान असतानाच वारली. तिला वाढवलं ते या कौतिकाआत्यानं. उंच, काटक, कपाळावर गोंदण. ती गावची सुईण. गावातली निम्मी मुलं हिच्या हातात जन्मलेली, त्यामुळे ती कोणालाही कशीही हाक मारते. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हेच का मुंबईची? काहून वं पोरी, बोलत काहून नाई?"

मी हसले फक्त.

"हे तं मुकी हाय वं, विमल."

"मुकी नाही आत्या, इंग्रजी शाळेत शिकलेली आहे."

"मंग इंग्रजीत तरी बोल म्हना. आमाले थेही समजत नाई, हेही समजत नाई. हिशोब सारखाच!"

घरात सगळे हसले. मीही हसले, आणि मग जेवायला बसले. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, आणि मरळ माशाचं कालवण. नारळ नाही, कोकम नाही. भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि वरून भरपूर सांबार; म्हणजे कोथिंबीर, हे मला ताटात बघून कळलं. गोड्या पाण्यातल्या मासळीला मातीचा थोडा वास असतो. पहिल्या घासाला तो मला जाणवला, तिसऱ्या घासाला तो हवासा वाटू लागला. हे मी आईला सांगणार नाही.

शिगेशिवाय टोपली

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आत्या मला तळ्यावर घेऊन गेली. विमलला येऊ दिलं नाही. पाहुणे येईपर्यंत तिनं उन्हात हिंडायचं नाही, असा हुकूम होता.

बांधावर उभं राहिलं की तळं जमिनीवर आहे, की जमिनीच्या किंचित वर तरंगतंय, हे कळत नाही. पलीकडचा काठ उन्हाच्या झळांत हलत होता. तिथे पाणी पिणाऱ्या म्हशी पायांवाचून उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. समुद्र बघताना मला कधी असं वाटलेलं नाही. समुद्र सतत काहीतरी बोलत असतो. हे पाणी बोलत नव्हतं. माझी आणि त्याची ओळख लवकर झाली.

"हे आमी वाहिलं," आत्या म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात. सरकारी काम निघालं. सारं गाव मातीवर. या बांधात माहीही पाटी हाय, विमलच्या आईची बी... नाई, थे तवा वारली होती. मी दोघींची वाहिली." इथल्या भाषेत 'ळ' चा पुष्कळदा 'य' होतो, त्यामुळे तळं म्हणजे तयं आणि जाळं म्हणजे जायं, एवढं तोवर मला समजू लागलं होतं. बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असं बोलतात, त्याला दचकणंही थांबलं होतं.

पाणी भरल्यावर पुढच्या वर्षी तळ्यात मासळीचं बी सोडलं. मरळ ओढ्यातून आपणहून आली. मासळी मोठी झाली आणि गावानं सण केला. हे गाव काही मासेमारांचं नव्हे. कोणी कधी पाण्यातून काही काढलेलं नव्हतं. ज्याला जे मिळेल ते घेऊन तो पाण्यात उतरला. जाळं, धोतर, मच्छरदाणी, पाटी. पंधरवडाभर घराघरांतून तळणाचा वास. अंगणात दोऱ्यांवर बोटाएवढी मासळी वाळत घातलेली.

"अन् मंग?" मी विचारलं. माझ्या तोंडून 'अन्' आलेलं ऐकून आत्याला फार आनंद झाला.

"मंग काय! दुसऱ्या सालात जायं टाकलं तं नुसतं पानी. पानीच पानी. बगळे बी निघून गेले."

त्यानंतर गाव बसलं आणि भांडत भांडत नियम झाले. जाळ्याचं भोक एवढं, की त्यातून मूठ आत जावी. रोज दोन घरांची पाळी. एका पाळीला एक टोपली. सगळ्यांना एकच टोपली, बुरडाकडून मुद्दाम विणून घेतलेली. ती शाळेच्या ओसरीत टांगलेली असते. टोपली काठापर्यंत भरायची, शीग लावायची नाही. आता काठापर्यंत म्हणजे कुठपर्यंत, यावर रोज सकाळी बांधावर वाद होतो. मरळीची शेपटी वर आलेली चालते का? डोकं आत असलं तर चालते, असं सध्या ठरलं आहे. पाळीत बौद्धवाड्यातली घरं आणि वरच्या आळीतली घरं एका रांगेत आहेत. विहिरीवर अजून तसं नाही. तळ्यावर आहे, कारण माती सगळ्यांनीच वाहिली होती.

शेवटचा नियम मला सर्वांत विलक्षण वाटला. उन्हाळ्यात ज्या दिवशी अंड्यावरची पहिली मासळी जाळ्यात येईल, त्या दिवशी तळं मिटतं. 'मिटतं' हाच शब्द, डोळा मिटावा तसा. मग पोळ्यापर्यंत कोणी पाण्यात जाळं टाकत नाही. मासळी अंड्यावर आहे की नाही हे कापून बघायचं नाही. ती पाण्यात परत सोडायची. पोट हातानं बघायचं, आणि ते बघायचं कौतिकाआत्यानं.

"तुम्हीच का?"

"पहिले सारेच पाहे. एक म्हने हाय, दुसरा म्हने नाई. ज्याची उद्या पाळी, त्याले कधीच दिसे नाई! मंग गावातला शंकरभाऊ म्हने, अरे, आपल्या बायकांची पोटं जिच्या हाताले समजते, तिलेच मासोळीचं समजन. हसण्यावारी बोलला, पन गाव धरून बसलं."

आम्ही बांधावर बसलो. मी तिला आमच्याकडच्या म्हाताऱ्या कोळ्यांची गोष्ट सांगितली. इतकं सलग मी गेल्या महिन्याभरात बोलले नसेन. ती ऐकत होती आणि गवताची काडी दातांत फिरवत होती.

"तुमच्या समुद्राचा पलीकडचा काठ कुठं हाय?"

"दिसत नाही."

"मंग तिकडचा मानूस जायं टाकून राह्यला का थांबून राह्यला, हे तुया बापाले कसं समजते?"

"नाही समजत."

"म्हनूनच थो थांबत नसन," आत्या म्हणाली. तिच्या बोलण्यात बाबांवर राग नव्हता. उलट थोडी कीवच होती. इतका मोठा काठ एकट्यानं सांभाळणाऱ्या माणसाबद्दल वाटावी तशी.

उठताना माझी चप्पल चिखलात रुतली आणि पाय तेवढा बाहेर आला. चप्पल काढायला वाकले तर दुसरीही गेली. आत्या हसत हसत बांधावर बसूनच राहिली. मी अनवाणी घरी आले.

पोट

पाहुणे कामरगावचे. मुलगा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. स्थळ आत्यानंच आणलं होतं, आणि तिला ते फार हवं होतं. का, तर मुलानं निरोप पाठवला होता की विमलला पुढे शिकायचं असेल तर शिकू दे. "असा निरोप या पंचक्रोशीत कोनी पाठवला नाई," ती मला दोनदा म्हणाली. मुलाच्या आईनं काही मागितलं नव्हतं. मुलाच्या मामांनी मात्र सांगून ठेवलं होतं: कामरगावात मासळीचं नाव नाही, तुमच्या तळ्यावरची मासोळी खाऊ घाला. संपतरावांनी शब्द दिला होता. शंकरभाऊंनी आपली पाळी त्यांना बदलून दिली होती. घरच्या कोंबड्या महिन्यापूर्वी रोगानं गेल्या होत्या, त्यामुळे दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. वाटण आदल्या संध्याकाळीच भाजून ठेवलं होतं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो तेव्हा पाण्यावर पातळ धुकं नव्हतं, तरी ते आहे असं वाटत होतं. उजेडच तसा होता. संपतराव कमरेपर्यंत पाण्यात उतरले. जाळं त्यांच्या हातून सुटलं, हवेत उघडलं आणि क्षणभर गोल होऊन थांबलं. आमच्या ट्रॉलरचं जाळं मी कधी असं उघडताना पाहिलेलं नाही. ते पाण्याखाली, कोणी बघत नसताना उघडतं.

पहिल्या दोन वेळा लहान मासळी आली ती भोकांतूनच निसटून गेली. तिसऱ्या वेळी जाळं जड आलं. आत एक मोठी मरळ होती, काळपट, जाड, हातभर लांब.

"बसली! निम्मी टोपली एकीनंच भरली," शंकरभाऊ बांधावरून ओरडले.

संपतरावांनी ती पाण्यानं भरलेल्या घमेल्यात सोडली. आत्यानं पदर ओला करून हातावर घेतला, मरळ उचलून त्यावर आडवी धरली आणि डाव्या हाताची दोन बोटं तिच्या पोटावरून हळूहळू मागे नेली. मग पुन्हा. तिचं लक्ष माशाकडे नव्हतं, समोर पाण्याकडे होतं.

बांधावर चार-पाच माणसं होती. पाहुणे दुपारी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"चरबी हाय, कौतिकाबाई," शंकरभाऊ हलकेच म्हणाले. "उन्हाळ्यात मरळ चरबी धरते."

"धरते," आत्या म्हणाली.

"मंग टाका टोपलीत."

आत्यानं मरळ माझ्यापुढे केली. "पाह्य वं."

मी बोटं लावली. थंड, घट्ट, आतून थोडं भरलेलं. ते काय होतं हे मला कळलं नाही. चरबी म्हटली असती तर मी चरबीच म्हटलं असतं. मी मान हलवली. मला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि आत्याला तो समजला.

तिनं भावाकडे पाहिलं. संपतराव पाण्यातच उभे होते, ओलं जाळं खांद्यावर. शब्द त्यांनी दिला होता, स्थळ हिनं आणलं होतं. आत्यानं पुन्हा एकदा बोटं मागे नेली, या वेळी फार हळू, अवघडलेल्या बाईला धीर देताना नेत असेल तशी. मग ती काठाशी बसली, पदरासकट हात पाण्यात बुडवले आणि पदर सोडला. मरळ क्षणभर तिथेच थांबली. मग नव्हती.

"तयं मिटलं," आत्या म्हणाली.

शंकरभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "अवं, आजच्या दिवस तरी..."

"मिटलं, शंकरभाऊ."

पातोडी

आम्ही घरी परतलो. चुलीपाशी विमल बसली होती. रिकाम्या टोपलीकडे बघून तिला कळलं. ती उठली, डब्यातून बेसन काढलं आणि ताटात ओतलं. दोघींनी मिळून पातोड्या केल्या. बेसन शिजवून थापतात, त्याच्या वड्या कापतात आणि झणझणीत रश्श्यात सोडतात. मासळीसाठी केलेलं वाटण त्यातच गेलं. वास हुबेहूब मासळीच्या कालवणाचा येत होता, आणि त्यामुळेच सगळं अधिक अवघड झालं.

पाहुणे बंडीतून आले. मुलगा अशोक, त्याची आई इंदूबाई, आणि मामा. मामांच्या मिशा अंगणात आधी आल्या. हात धुताना त्यांनी मोठा श्वास घेतला. "वा! रस्त्यावरच वास लागला होता."

ताटं वाढली. मामांनी रश्श्यात बोटं घालून पातोडी वर काढली आणि उलटसुलट करून पाहिली.

"हिचा काटा कुठं हाय?"

संपतराव उभेच होते. आत्या पुढे झाली आणि सकाळी काय झालं ते तिनं सरळ सांगितलं. मामांनी ताट दूर केलं नाही, पण खाणं थांबवलं.

"कापून पाह्यलं?"

"नाई. कापत नसतो."

"मंग कसं समजलं?"

"हातानं."

"अन् हात चुकला असन तं?"

"चुकला बी असन," आत्या म्हणाली.

"म्हंजे, असन-नसनच्या गोठीवर तुमी पाव्हन्याच्या ताटात बेसन वाढलं! एक दिवस थांबल्या असत्या तं काय तयं आटलं असतं? उद्या मिटवलं असतं."

"उद्या शंकरच्या घरची पाळी हाय. त्यानं आपली आजची आमाले देली. त्याले मी काय सांगू? माह्या घरचं जेवन होईस्तोवर मासोळी रिकामी होती, अन् तुयाच पाळीले भरली?"

मामा म्हणाले, "आमी कामरगावात सांगून आलो, मासोळी खाऊन येतो म्हनून." आवाज आता खाली आला होता. त्यात राग कमी आणि लाज जास्त होती. मला त्यांचं वाईट वाटलं. घरी परत गेल्यावर लोक काय विचारतील याची भीती मला चांगली समजते.

विमल पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आमच्याकडे अशा वेळी मुलीला प्रश्न विचारतात: स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. इंदूबाई तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "तू असती तं काय केलं असतं वं, बाई?"

तांब्या विमलच्या हातातच राहिला. हॉस्टेलवर ती माझ्याशी पुस्तकी मराठी बोलते, पण तेव्हा ती घरच्या भाषेत बोलली.

"मले हातानं समजत नाई," ती म्हणाली. "पन आत्यानं म्हनलं असतं मिटलं, तं जायं मीच गोया केलं असतं."

अशोकनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच, आणि पुन्हा पातोडी खाऊ लागला. मला वाटतं, त्या पंगतीत सर्वांत जास्त पातोड्या त्यानंच खाल्ल्या.

जेवणं उरकली. पान-सुपारी झाली. मामा उठले आणि उपरणं झटकत म्हणाले, "विचार करून कळवतो." हे वाक्य आमच्याकडेही आहे, आणि त्याचा अर्थही तोच आहे. संपतराव आत गेले. विमल चुलीपाशी पाठमोरी बसली. मी तिच्याजवळ बसले. तिनं माझा हात धरला नाही, मीही तिचा धरला नाही. आम्ही दोघी विस्तवाकडे बघत राहिलो.

बाभळ

तळं मिटलं की त्याच दिवशी गावातली सगळी जाळी बांधावरच्या एका मोठ्या बाभळीवर टांगायची असतात. रात्री कोणी चोरून जाळं टाकू म्हटलं तर झाडावर त्याची जागा रिकामी दिसावी, म्हणून. पहिलं जाळं त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याच्या घरचं. म्हणून आत्यानं कासोटा खोचला, आमचं जाळं डोक्यावर घेतलं आणि मला म्हणाली, "चाल." पाहुण्यांची बंडी जुंपली जात होती. ती तिकडे बघायला थांबली नाही.

उन्हं कलली होती. बाभळीला नुकती पिवळी गोंड्यांची फुलं आली होती. आत्यानं जाळं फांदीवर फेकलं आणि ते उलगडत खाली आलं. मग एकेक घर येऊ लागलं. शंकरभाऊ आपलं जाळं घेऊन आले, आमच्या जाळ्याशेजारी टांगून गेले. हळूहळू झाड जाळ्यांनी भरलं. वारा आला की सगळी एकदम हलायची आणि मागचं पाणी त्यांच्या भोकांतून तुकड्यातुकड्यांनी दिसायचं. मला वाटलं, आपण पाण्याच्या आतून वर बघतोय.

बंडी बांधावरून चालली होती. मेडशीला जायला तीच वाट. झाडाजवळ आल्यावर इंदूबाई म्हणाल्या, "थांबव."

"काहून? एसटी चुकन," मामा म्हणाले.

त्या उतरल्या. झाडाखाली आल्या आणि वर बघत फिरल्या. एखाद्या घरात शिरल्यासारख्या त्या जाळ्यांमधून फिरत होत्या. अशोक बंडीतून बघत होता.

"याच्यात तुमचं कोन्तं?" त्यांनी आत्याला विचारलं.

आत्यानं बोट दाखवलं. इंदूबाईंनी आमच्या जाळ्याचा काठ हातात घेतला, पदराचा काठ बघावा तसा बोटांतून सरकवत नेला आणि एका ठिकाणी थांबल्या. तिथे वीतभर उसवलं होतं.

"फाटलं हाय."

"हो. जुनं हाय," आत्या म्हणाली.

"शिवून ठेवा." इंदूबाईंनी काठ सोडला. "तयं कवा उघडते म्हनलं?"

"पोया झाल्यावर."

"मंग पोया झाल्यावर आमी येतो. तारीख तवाच काढू. मासोळी तवाच खाऊ."

"अवं, पन मी त्याहीले सांगलं का, विचार करून..." बंडीतून मामा म्हणाले.

"तुमी बसा तिथंच," इंदूबाई म्हणाल्या आणि चाकावर पाय देऊन वर चढल्या. बंडी हलली. अशोकनं आमच्याकडे बघून हात जोडले, आणि मग, कोणी बघत नाही असं वाटून, गावाच्या दिशेनं एकदा पाहिलं.

आत्या तशीच उभी होती. तिनं जाळ्याचं ते उसवलेलं टोक दोन्ही हातांत धरलं आणि बंडी मोहाच्या झाडांत दिसेनाशी होईपर्यंत सोडलं नाही. मग खाली बसली, टोक मांडीवर ओढून घेतलं, आणि मला म्हणाली, "पोरी, घरी पय. विमलले सांग. अन् येतानी सुई-दोरा आन, जाड."

मी पळत सुटले.